अमेरिकेतील दशविध विद्यास्पर्धा : तिचा इतिहास व तयारी

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या या स्मरणिकेत ‘अभिनंदनीय यश’ या मथळ्याखाली काही पाने राखून ठेवलेली असतात, हे ज्ञातिबांधवांस व भगिनींस ठाऊकच आहे. किंबहुना स्मरणिका घरी येताच प्रथम तीच पाने उघडली जातात आणि संपादकाने महिनोन्महिने खपून मिळविलेले लेख त्यानंतर, सवड झाल्यास, वाचले जातात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आपल्या मुलाबाळांचे नाव छापलेले पाहण्यात जो आनंद आहे तो निराळाच.

यंदा या पानांसाठी आलेल्या मजकुरात आमच्याच आळीतील एका वृद्ध गृहस्थांचे पत्र होते. त्यांना आम्ही सर्वजण नाना म्हणतो. त्यांचे चिरंजीव पुष्कळ वर्षांपासून अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात, नोकरीनिमित्त स्थायिक आहेत. नानांनी कळविले होते की, त्यांच्या नातीची तेथील ‘अकॅडेमिक डेकॅथलॉन’ नामक स्पर्धेसाठी शाळेच्या संघात निवड झाली व तिला निबंधाचे सुवर्णपदक मिळाले. तरी हे वृत्त छायाचित्रासह छापावे. मजकूर आम्ही मुद्रणालयात पाठविला. पंधरा दिवसांनी नानांचे दुसरे पत्र आले. त्यात दोनच ओळी होत्या : पदक तिसऱ्या श्रेणीतील असल्याचे चौकशीअंती समजले, सबब वृत्त छापू नये व छायाचित्र परत करावे.

ही दोन पत्रे शेजारी ठेवून आम्ही बराच वेळ बसलो. आयुष्यभर शाळामास्तरकी केल्यामुळे असे मागे घेतलेले आनंद आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. परंतु सुवर्णपदकही आणि तिसरी श्रेणीही, हा प्रकार काय असावा, हे आम्हांस उमगेना. म्हणून आम्ही नानांच्या चिरंजिवांशी पत्रव्यवहार केला आणि मिळेल ते वाचून काढले. त्यातून या स्पर्धेचा जो इतिहास हाती आला तो वाचकांपुढे ठेवीत आहोत. छायाचित्र अद्याप परत केलेले नाही.

लॉस एंजेलिस शहराच्या दक्षिणेस, पॅसिफिक महासागराच्या काठाने ऑरेंज काउंटी नावाचा प्रदेश आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग. एके काळी संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेला हा प्रदेश दुसऱ्या महायुद्धानंतर घरांनी व रस्त्यांनी भरून गेला आणि बागांचे नाव तेवढे मागे राहिले. वस्तीबरोबर शाळाही वाढल्या. या काउंटीच्या शाळांचे मुख्य अधिकारी डॉ. रॉबर्ट पीटरसन यांनी १९६८ साली आपल्या अधिकारक्षेत्रातील माध्यमिक शाळांसाठी एक नवी स्पर्धा सुरू केली. तीच ही अकॅडेमिक डेकॅथलॉन.

त्या काळाची थोडी पार्श्वभूमी सांगणे अवश्य आहे. १९५७ साली रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला, त्या धक्क्याने अमेरिकेत शाळांतील शिक्षणाची चिकित्सा सुरू झाली आणि १९५८ साली शिक्षणास, विशेषतः विज्ञान, गणित व परकीय भाषांच्या अभ्यासास, मदत देणारा एक कायदाच तेथील काँग्रेसने संमत केला. बुद्धिमान मुलगा हा राष्ट्राचा ठेवा आहे असे बोलले जाऊ लागले. दूरचित्रवाणीवर प्रश्नमंजूषांचे कार्यक्रम लोकप्रिय झाले. ‘कॉलेज बोल’ हा महाविद्यालयीन कार्यक्रम १९५९ पासून पडद्यावर दिसू लागला आणि वॉशिंग्टन येथे १९६१ साली ‘इट्स अकॅडेमिक’ हा माध्यमिक शाळांचा कार्यक्रम सुरू झाला. या स्पर्धांत प्रत्येक शाळेचे दोन-चार अत्यंत चपळ विद्यार्थी निवडून बसवावयाचे, प्रश्न पुरा होण्यापूर्वी कळ दाबावयाची आणि उत्तर फेकावयाचे, अशी रीत होती. त्यात मौज पुष्कळ होती, पण जो मुलगा आधीच पुढे आहे तोच पुढे दिसावा, एवढेच त्यातून साधत असे.

पीटरसन यांची कल्पना वेगळी होती. स्पर्धेच्या आव्हानाने सर्वच विद्यार्थ्यांची शिकण्याची शक्ती वाढते, केवळ अग्रेसरांची नव्हे, असा त्यांचा विश्वास होता. त्यांनी नाव घेतले मैदानी खेळांतून. डेकॅथलॉन हा दहा क्रीडाप्रकारांचा संच १९१२ सालच्या स्टॉकहोम येथील ऑलिंपिक सामन्यांत समाविष्ट झाला. त्यात धावणाऱ्यास गोळाही फेकावा लागतो आणि उंच उडी मारणाऱ्यास भालाही हाती घ्यावा लागतो. एकाच अंगाने बलवान असणारा तेथे टिकत नाही. योगायोग असा की, ज्या १९६८ साली ही विद्यास्पर्धा सुरू झाली त्याच वर्षी मेक्सिको शहरातील ऑलिंपिकमध्ये बिल टूमी या अमेरिकन खेळाडूने डेकॅथलॉनचे सुवर्णपदक मिळविले होते.

विद्येच्या या दशक्रीडेत कला, अर्थशास्त्र, भाषा व साहित्य, गणित, संगीत, विज्ञान व सामाजिक शास्त्र हे सात लेखी विषय असतात आणि निबंध, भाषण व मुलाखत हे तीन प्रकार परीक्षकांच्या समोर किंवा त्यांच्या निर्णयावर अवलंबून असतात. लेखी प्रश्नपत्रिका प्रत्येकी अर्ध्या तासाची असते. निबंधास पन्नास मिनिटे. भाषणे दोन : एक घरून तयार करून आणलेले, सुमारे चार मिनिटांचे, दुसरे विषय हाती पडल्यावर एक मिनिट विचार करून दोन मिनिटांत करावयाचे. मुलाखतीस सात मिनिटे मिळतात. प्रत्येक प्रकारास एक हजार गुण, म्हणजे एका विद्यार्थ्यास दहा हजारांपैकी गुण मिळतात. याखेरीज ‘सुपर क्विझ’ नावाचा एक भाग प्रेक्षकांसमक्ष होत आला आहे. त्यात विद्यार्थी आळीपाळीने पुढे येऊन उत्तरे देतात व त्यांचे आईबाप, शिक्षक, सोबती टाळ्या वाजवितात. बाकीचे नऊ-दहा तास बिचारे बंद दाराआडचे. तेव्हा एवढा तरी उत्सव हवाच.

स्पर्धेचा विस्तार कसा झाला ते थोडक्यात सांगतो. दहाएक वर्षे ती ऑरेंज काउंटीच्या परिसरातच राहिली. १९७९ साली ती सबंध कॅलिफोर्निया राज्याची झाली, १९८१ साली राष्ट्रीय पातळीवरील संस्था स्थापन झाली आणि १९८२ साली लॉस एंजेलिस येथील लॉयोला मेरीमाउंट विद्यापीठात पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. ती जिंकली अनाहाइम गावच्या लोआरा हायस्कुलाने. ही शाळा ऑरेंज काउंटीतलीच, म्हणजे पहिला मान माहेरीच राहिला. त्यानंतरच्या काळात टेक्सस राज्यातील रिचर्डसन गावच्या पीअर्स हायस्कुलाने अनेक वेळा बाजी मारली. १९८७ साली लॉस एंजेलिस शहरातील जॉन मार्शल हायस्कुलाचा संघ विजयी झाला. त्या संघाचे मार्गदर्शक शिक्षक डेव्हिड टोकोफ्स्की पुढे त्याच शहराच्या शाळामंडळावर निवडून गेले. शिक्षकाने मुलांच्या पाठांतरातून वर डोके काढून शाळामंडळाच्या कारभारात लक्ष घालावे, हे आम्हांस योग्यच वाटते. १९९८ पासून एल कमिनो रिअल आणि २०११ पासून ग्रॅनडा हिल्स या त्याच शहराच्या परिसरातील शाळांनी विजेतेपद वारंवार आपल्याकडे ठेवले. कॅलिफोर्निया व टेक्सस यांच्या या मक्तेदारीत २००२ साली विस्कॉन्सिन राज्यातील वॉकेशा वेस्ट हायस्कुलाने खंड पाडला, याची नोंद केली पाहिजे.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या मुद्द्याकडे येतो. शाळेचा संघ नऊ जणांचा असतो. हे नऊजण शाळेतील पहिले नऊ नव्हेत. अमेरिकन शाळांत गुणांऐवजी ए, बी, सी अशी अक्षरे देतात व त्यांची सरासरी चारपैकी काढतात. ए म्हणजे चार, बी म्हणजे तीन, सी म्हणजे दोन. ज्यांची सरासरी सुमारे पावणेचारच्या वर आहे असे तीन विद्यार्थी संघात घ्यावयाचे. त्या श्रेणीस ‘ऑनर’ म्हणतात. सरासरी तीन ते पावणेचार असलेले तीन; ती ‘स्कोलॅस्टिक’ श्रेणी. आणि सरासरी तीनच्या खाली असलेले तीन. ती ‘व्हर्सिटी’ श्रेणी. या मर्यादा अलीकडे थोड्या वर सरकविल्या आहेत, परंतु तत्त्व तेच आहे. खालच्या श्रेणीतील विद्यार्थ्यास इच्छा असल्यास वरच्या श्रेणीत उतरता येते. वरच्याला मात्र खाली येऊन सोपा विजय मिळविता येत नाही.

संघाची बेरीज कशी करतात, तेही पाहण्यासारखे आहे. प्रत्येक श्रेणीतील तिघांपैकी ज्या दोघांचे गुण अधिक त्यांचे गुण धरावयाचे. दोन, दोन आणि दोन मिळून सहा. सहा विद्यार्थ्यांचे मिळून साठ हजार गुण. म्हणजे वरच्या श्रेणीतील हुशार मुलाने मिळविलेला एक गुण आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाने मिळविलेला एक गुण यांची किंमत सारखीच. ज्या शाळेत नऊ महापंडित आहेत पण सामान्य गुणांचे तीन तयार विद्यार्थी नाहीत, त्या शाळेस पुरा संघ उभा करता येणार नाही. पदके देखील श्रेणीवार दिली जातात. समान बळाच्या मुलांची तुलना समान बळाच्या मुलांशीच होते. नानांच्या नातीचे पदक हे असे होते. तिच्या श्रेणीत इतर शाळांतून आलेल्या सर्व मुलामुलींत तिचा निबंध पहिला आला होता. आणखी एक गोष्ट. ‘व्हर्सिटी’ हा शब्द अमेरिकेत शाळेच्या खेळांच्या मुख्य संघास लावतात. म्हणजे नानांस ज्या शब्दाची लाज वाटली तो शब्द तेथील मुले आपल्या अंगरख्यावर अभिमानाने शिवून घेतात.

या नियमामुळे शिक्षकास जे काम करावे लागते ते आमच्या मते या स्पर्धेचा सर्वांत मोलाचा भाग आहे. पहिल्या श्रेणीची मुले आपण होऊन येतात; त्यांचे आईबापच त्यांना आणून सोडतात. तिसऱ्या श्रेणीची मुले शोधावी लागतात. ती कोठे सापडतात? वर्गात खिडकीबाहेर पाहात बसलेली, गृहपाठाची वही न आणलेली, परंतु विचारलेल्या आडवळणी प्रश्नास एकाएकी उत्तर देणारी. शाळा सुटल्यावर कामाला जाणारी व म्हणून दुसऱ्या दिवशी पेंगणारी. देश बदलल्यामुळे भाषेत अडखळणारी. नानांच्या चिरंजिवांनी लिहिले आहे की, त्यांची कन्या वाचनालयातील कादंबऱ्या एकामागून एक संपवीत असे व वर्गातले काम वेळेवर कधीच देत नसे, सबब तिची सरासरी घसरलेली होती. मार्गदर्शक शिक्षिकेने तिला वाचनालयातच गाठले. घरी हे कळताच आईबापांस प्रथम राग आला. “आमच्या घरात कोणी ‘सी’मध्ये बसलेलं नाही,” असे ते म्हणाले आणि भारतात कळविताना त्यांनी संघाचा उल्लेख केला, श्रेणीचा नाही. हे चिरंजिवांनी आम्हांस स्वतः होऊन लिहिले, याबद्दल आम्ही त्यांचे कौतुक करतो.

तयारी उन्हाळ्याच्या सुटीतच सुरू होते. प्रत्येक वर्षासाठी एक मुख्य विषय जाहीर होतो आणि गणित वगळता बहुतेक शाखांचे वाचन त्याच्याभोवती गुंफलेले असते. २०१३–१४ साली पहिले महायुद्ध होते, २०१७–१८ साली आफ्रिका खंड, २०२४–२५ साली बदलते हवामान. २०१५–१६ सालचा विषय होता भारत. त्या वर्षी अमेरिकेतील हजारो मुलांनी आपल्या देशाचा इतिहास, त्याची शिल्पे व चित्रे, त्याचे संगीत व अर्थकारण परीक्षेसाठी वाचले आणि राष्ट्रीय विजेतेपद ग्रॅनडा हिल्सच्या संघाने मिळविले. भारतीय घरांतील मुलांस त्या वर्षी काही सोपे गेले असेल असे कोणास वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. आपल्यापैकी किती घरांत अजिंठ्याची चित्रे किंवा मोगल लघुचित्रे यांविषयी पन्नास प्रश्नांची उत्तरे अर्ध्या तासात देता येतील, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे. आम्ही स्वतःस विचारले आणि विषय बदलला.

ऑगस्ट-सप्टेंबरात शाळा उघडली की शाळा सुटल्यानंतरचे दोन-तीन तास आणि पुष्कळदा शनिवारही या संघाचा. कोणत्या विषयाचे टिपण कोणी करावयाचे याची वाटणी होते. चित्रे पाहून चित्रकार व शैली ओळखावयाची, संगीताचे तुकडे ऐकून रचना ओळखावयाची. अर्थशास्त्राचा पायाभूत भाग दर वर्षी तोच असल्यामुळे जुनी मुले नव्यांस तो शिकवितात. लहान लहान पत्त्यांवर एका बाजूस प्रश्न व दुसऱ्या बाजूस उत्तर लिहून ते पत्ते खिशात बाळगतात आणि जेवणाच्या सुटीत एकमेकांस विचारतात. पाठांतर तेथे निषिद्ध नाही, हे वाचून आम्हांस बरे वाटले. मात्र पाठांतराने सातच विषय साधतात. उरलेल्या तीन प्रकारांची तयारी निराळी. अनोळखी माणसांसमोर खुर्चीवर सरळ बसावयाचे, हात कोठे ठेवावयाचे, प्रश्न न कळल्यास पुन्हा विचारावयाचा; एक मिनिटात विचार करून दोन मिनिटे बोलावयाचे आणि मध्येच गाडी अडली तर हसून पुढे जावयाचे. वर्गात कधी हात वर न केलेल्या मुलाला हे साधावे म्हणून शिक्षक गावातील वकील, दुकानदार, निवृत्त गृहस्थ यांना विनवून खोट्या मुलाखती घेवितात.

नानांच्या नातीने हिवाळाभर दर आठवड्यास दोन निबंध लिहिले. पहिले काही निबंध पन्नास मिनिटांत अर्धेच होत. शिक्षिकेने ते तपासण्यापूर्वी संघातील पहिल्या श्रेणीच्या मुलाने तपासावेत असा नियम होता आणि त्याच्या गणिताच्या खुलाशांत जे बोजड असे ते तिने सुधारून द्यावे, असाही. हा मुलगा तिच्याच वर्गात दोन वर्षे होता. त्यांनी तोवर एकमेकांशी एक शब्द काढला नव्हता. फेब्रुवारीच्या सुमारास काउंटीची फेरी होते, मार्चात राज्याची व एप्रिलात राष्ट्राची. त्यांचा संघ काउंटीच्या पुढे गेला नाही. राज्याच्या फेरीचे त्यांना विशेष दुःखही झाले नाही असे दिसते. चिरंजीव लिहितात की, स्पर्धा संपली तरी मुले तीन आठवडे शाळा सुटल्यावर त्याच खोलीत जाऊन बसत होती.

या चित्राला दुसरी बाजू आहे आणि इतिहास लिहावयाचा म्हटल्यावर ती झाकून ठेवणे उचित नव्हे. शिकागो शहरात व्हिटनी यंग नावाची, विद्यार्थी पारखून घेणारी शाळा आहे. इलिनॉय राज्याचे विजेतेपद ती वर्षानुवर्षे मिळवीत असे. १९९५ साली त्याच शहरातील स्टाइनमेट्झ हायस्कूल या साध्या, वस्तीतल्या मुलांना घेणाऱ्या शाळेच्या संघाने तिला हरविले. सर्वत्र वाहवा झाली. परंतु गुण इतके वाढलेले होते की शंका निर्माण झाली, आयोजकांनी पुन्हा परीक्षा देण्यास सांगितले, संघाने नकार दिला आणि अखेर प्रश्नपत्रिका आधीच हाती आली होती हे उघड झाले. विजेतेपद काढून घेण्यात आले. मार्गदर्शक शिक्षकास नोकरी सोडावी लागली. या प्रकरणावर २००० साली ‘चीटर्स’ नावाचा चित्रपटही निघाला. चोरी ती चोरीच, त्यात दुमत नाही. आणि शिक्षकाच्या संमतीने झालेली चोरी तर अधिकच वाईट. तरी दर वर्षी त्याच एका श्रीमंत साधनांच्या शाळेकडून हरणाऱ्या मुलांच्या मनात काय साचत असेल, हा विचार आमच्या डोक्यातून गेला नाही. स्पर्धेने तीन श्रेणींच्या मुलांना एका बाकावर बसविले खरे, पण सधन व निर्धन शाळांना एका पातळीवर आणणे तिला साधलेले नाही.

पैशाचा प्रश्न तयारीतही येतोच. प्रारंभीच्या वर्षांत विषयांची रूपरेषा मिळे व मुलांनी वाचनालयात जाऊन पुस्तके धुंडाळावीत अशी अपेक्षा असे. पुढे संस्थेनेच पाठ्यसाहित्य छापून विकावयास आरंभ केला आणि तिच्या जोडीला खाजगी टिपणे व सराव-प्रश्नपत्रिका विकणारेही आले. अशा टिपणांचा एक मोठा व्यवसाय १९९४ साली डॅनियल बर्डिचेव्स्की या तरुणाने सुरू केला. तो त्याच वर्षी राष्ट्रीय विजेता ठरलेल्या लॉस एंजेलिस येथील टॅफ्ट हायस्कुलाच्या संघातील स्पर्धक होता. आपल्याकडील ‘गाइड’ व ‘अपेक्षित प्रश्नसंच’ यांची ज्यांना सवय आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. परंतु याच गृहस्थांनी २००६–०७ च्या सुमारास तीन-तीन विद्यार्थ्यांच्या संघांसाठी ‘वर्ल्ड स्कॉलर्स कप’ नावाची दुसरी स्पर्धा काढली. तीत वादविवाद, सांघिक लेखन व प्रश्नमंजूषा असतात आणि तिच्या फेऱ्या भारतातील शहरांतही होऊ लागल्या आहेत. आपल्या ज्ञातीतील ज्या मुलांच्या शाळांस तिची माहिती असेल त्यांनी चौकशी करण्यास हरकत नाही. प्रवेशशुल्क बरेच असते हे मात्र आधी पाहावे.

असो. इतके वाचून झाल्यावर आम्ही संस्थेच्या कार्यालयात जाऊन गुणगौरव समारंभाची जुनी दप्तरे काढली. दहावीस पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक गुण मिळविणाऱ्या ज्ञातीतील विद्यार्थ्यांसच पारितोषिक द्यावे, असा ठराव तेथे आहे. सूचक म्हणून खाली आमचीच सही आहे. त्या वेळी आमचे म्हणणे असे की, निधी थोडा, अर्ज फार. कोठे तरी रेषा ओढलीच पाहिजे. रेषा ओढणे चूक होते असे आजही आम्ही म्हणणार नाही. एकच रेषा ओढली, हे मात्र दप्तर चाळताना डोळ्यांत खुपले. तीन वर्षांपूर्वी एक बाई आपल्या मुलाची गुणपत्रिका घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. मुलगा नववीत नापास झालेला, दिवसा एका किराणा दुकानात पुड्या बांधणारा. त्याला दहावीस एकसष्ट टक्के गुण मिळाले होते. आम्ही त्यांना ठराव वाचून दाखविला. बाई काही बोलल्या नाहीत. समारंभाच्या दिवशी तो मुलगा सतरंज्या घालण्यास व खुर्च्या मांडण्यास आला होता, आणि कार्यक्रम संपल्यावर त्या उचलण्यासही थांबला होता. आभारप्रदर्शनात स्वयंसेवकांचे आभार एका वाक्यात मानले गेले. ते वाक्य आम्हीच म्हटले होते.

मागील आठवड्यात आम्ही नानांच्या घरी गेलो. छायाचित्र खिशात होते. साठ हजार गुणांचा हिशेब आम्ही त्यांना पाटावर खडूने मांडून दाखविला. ते पोस्टात हिशेबनीस होते, त्यामुळे बेरीज त्यांना चटकन पटली. पण बेरीज पटणे निराळे. ते म्हणाले, “मास्तर, तुमचं गणित बरोबर आहे. पण पान उघडलं की लोक ‘तिसरी’ एवढंच वाचतील. पुढचं कोण वाचतो?” याला आमच्याजवळ उत्तर नव्हते, कारण लोक कसे वाचतात ते संपादकाइतके कोणास ठाऊक? मग त्यांनीच रात्री अमेरिकेत दूरध्वनी लावला व नातीलाच विचारले. ती म्हणाली, “आजोबा, छापायचं तर तिसरी श्रेणी असं लिहून छापा. नाहीतर छापू नका. नाहीतर आमच्या संघातले बाकीचे दोघं म्हणतील, हिला आमच्याबरोबर बसलेलं आवडत नव्हतं.” नाना बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी चष्मा मागितला.

सुधारलेला मजकूर नानांनी आपल्या हाताने लिहून दिला असून तो छायाचित्रासह याच स्मरणिकेच्या ‘अभिनंदनीय यश’ या सदरात छापला आहे. ‘तिसऱ्या श्रेणीत’ हे शब्द त्यात आहेत. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे पारितोषिकांच्या ठरावात दुरुस्ती सुचविणारी एक सूचना आम्ही चिटणिसांकडे लेखी दिली आहे : निधीचे तीन समान भाग करावे आणि पंचाहत्तर टक्क्यांच्या वर, साठ ते पंचाहत्तर व साठांच्या खाली अशा तिन्ही गटांतील अग्रेसर विद्यार्थ्यांस ते सारखे द्यावे. चिटणिसांनी सूचना दाखल करून घेतली. अनुमोदकाची जागा अद्याप रिकामी आहे.